लिव्हर बदलताना क्लच स्विच ‘डायरेक्ट’ करताय? या चुका टाळा

मोटरसायकलच्या क्लच-ब्रेकसाठी लाल-काळ्या सीएनसी (मशीनवर कोरलेल्या) लिव्हरची जोडी आणायची, दहाचा पाना घेऊन पार्किंगमध्ये बसायचं आणि पंधरा मिनिटांत जुनी काढून नवी लावायची. मग गिअरमध्ये क्लच दाबून सेल्फ (स्टार्टरचं बटण) मारला की गाडी ढिम्म. लगेच मला फोन येतो, “काका, क्लच स्विच गेलाय वाटतं. डायरेक्ट करून टाकू?” क्लच स्विच म्हणजे क्लच दाबलाय की नाही हे गाडीला सांगणारा स्विच, आणि डायरेक्ट म्हणजे त्याला वगळून त्याच्या वायरी थेट जोडणं.

कालपर्यंत चालणारा स्विच नेमका लिव्हर बदलल्या दिवशी कसा जाईल, एवढा विचार कुणी करत नाही. दहापैकी नऊ वेळा स्विच ठणठणीत असतो, गडबड लिव्हरच्या नाकात असते.

जुनी लिव्हर हातात घेऊन पाहा. पिव्हटच्या, म्हणजे लिव्हर ज्यावर फिरते त्या, बोल्टजवळ तिला एक छोटं नाक असतं. योकमधल्या (हँडलवर लिव्हर धरून ठेवणाऱ्या भागातल्या) स्विचचा प्लंजर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी ती दांडी, हे नाक दाबतं किंवा सोडतं. काही गाड्यांत क्लच ओढला की प्लंजर दाबला जातो. काहींत उलटं, लिव्हर सोडलेली असताना तो दाबलेला असतो आणि ओढली की बाहेर येतो. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ म्हणून विकलेल्या लिव्हरचं नाक कधी आखूड, कधी जाड असतं, तर कधी नसतंच.

म्हणून माझी सवय अशी: नवी लिव्हर योकला लावायच्या आधी जुनी आणि नवी एकाच बोल्टमध्ये ओवतो आणि नाकं जुळवून बघतो. नवं नाक जाड असेल तर बारीक कानस घेऊन दोन हात मारायचे, लावून बघायचं, पुन्हा दोन हात. आखूड असेल तर लिव्हर दुकानदाराला परत. नाकावर एम-सीलचा गोळा चिकटवणारे महाभाग मी पाहिलेत. चार खड्ड्यांत तो गोळा पडतो.

आता डायरेक्टबद्दल. दोन वायरी सोलून पीळ मारला की गाडीला वाटतं, क्लच कायम दाबलेलाच आहे. म्हणजे गिअर पडलेला असताना, क्लच सोडलेला असतानाही सेल्फ फिरतो, आणि त्याच्याबरोबर मागचं चाकही.

2014 सालची गोष्ट. भाच्याच्या दीडशे सीसीच्या गाडीचा स्विच मीच डायरेक्ट केला होता. पाऊस होता, घाई होती, “रविवारी नीट करू” म्हणालो. त्यानंतर किती रविवार आले नि गेले, मोजले नाहीत. त्यांच्या सोसायटीत पार्किंगला उतार आहे, म्हणून तो गाडी पहिल्या गिअरमध्ये लावायचा. एका सकाळी डबा, हेल्मेट, कानाला फोन अशा अवस्थेत त्याने डाव्या बाजूला उभ्याउभ्याच साइड स्टँड वर केला आणि हात लांब करून सेल्फ दाबला. त्या गाडीला ही सवय चालायची, कारण पूर्वी गिअर असला तर ती मुकाट्याने गप्प राहायची. त्या दिवशी तिने उडी मारली. इंजिन लागलं, ती उतारावरून सुटली, हा हँडल धरून तीन पावलं फरफटला आणि दोघं मिळून पाटील काकूंच्या स्कूटरवर. नडगीला सात टाके, स्कूटरचं पुढचं पॅनल, आणि काकूंचं बोलणं वेगळं. बहिणीने मला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

यातूनच दुसरी चूक लक्षात घ्या. ‘गाडी चालू होते, म्हणजे बरोबर बसलं’ असं समजू नका. उलट्या पद्धतीच्या स्विचमध्ये नव्या लिव्हरला नाकच नसेल, तर प्लंजर कायम बाहेर राहतो आणि स्विच आपोआप डायरेक्ट होतो. तुम्ही एकही वायर कापलेली नसते, गाडी छान चालू होते आणि कुणाला पत्ता लागत नाही. तपासायचं असेल तर मल्टिमीटर घ्या, हेडलाइटच्या मागे स्विचचा कपलर (वायरींचा जोड) सोडवा आणि मीटर कंटिन्युइटीवर (सर्किट जोडलेलं असलं की बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावा. नेहमीच्या दोन वायरींच्या स्विचला क्लच ओढल्यावर बीप आणि सोडल्यावर शांतता हवी. तीन वायरी असतील तर आधी वायरिंगचा नकाशा बघा. मीटर नसेल तर समोर मोकळी जागा बघून, गाडीवर बसून, ब्रेक घट्ट धरून, गिअरमध्ये क्लच न दाबता क्षणभर सेल्फ मारा. फिरला नाही पाहिजे. हे साइड स्टँड लावून करू नका. ज्या गाड्यांना स्टँडचा स्विच आहे त्या स्टँडमुळेच गप्प बसतील आणि तुम्हाला वाटेल पास झालो.

आणि गाडी न्यूट्रलमध्येही घेत नसेल तर बिचाऱ्या क्लच स्विचच्या मागे लागण्याआधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघा. हसू नका, गेल्या महिन्यातच एकाकडे याच कामासाठी गेलो होतो.

बाकीच्या चुका पटापट. स्विच वायरीला धरून ओढू नका, योकच्या खालच्या भोकातून लॉकची जीभ दाबली की तो सुटतो. पिव्हटचा बोल्ट आवळून लिव्हर जाम करू नका, ती स्वतःहून परत आली पाहिजे. पिव्हटला ग्रीस हवं, स्विचमध्ये नको. क्लचला टोकाशी साधारण 10 ते 15 मिलिमीटर प्ले (मोकळी हालचाल) ठेवा, नाहीतर प्लेटा जळतील आणि मग लिव्हरच्या रंगाचं कौतुक राहणार नाही. उजवी लिव्हर बदलली असेल तर ब्रेक लाइट बघा, तिथेही असंच नाक असतं. लाइट कायम पेटलेला राहिला तर तुम्ही ब्रेक कधी मारला हे मागच्याला कळणार नाही. क्रूझ कंट्रोलची गाडी असेल तर डायरेक्ट केल्यावर तो लागणारच नाही, कारण गाडीच्या लेखी क्लच कायम दाबलेला.

ताम्हिणी घाटात संध्याकाळी सहाला खरंच स्विच मेला, तर? पहिलं, न्यूट्रल करा. न्यूट्रलमध्ये बहुतेक गाड्या क्लच स्विचशिवायही सेल्फ घेतात. ज्या घेत नाहीत त्यांच्यासाठी माझ्या टूलकिटमध्ये चार इंच वायर आहे, दोन्ही टोकांना पिना लावलेली, कपलरमध्ये खोचायची, काहीही न कापता. तिला लाल रिबन बांधली आहे, ती हँडलवरून लोंबत राहते. घरी पोचल्यावर ती डोळ्यांसमोर येते आणि स्विच बदलल्याशिवाय मी जेवायला बसत नाही.