हेडलाइट गेला म्हणजे बल्बच गेला असं नाई

कापूस निघाला की आमच्या यवतमाळकडं रात्रीच्या फेऱ्या वाढतात, अन् आर्णी-दारव्हा साइडले अंधारात रोह्यांचा (नीलगायींचा) कळप कधी रोडवर येईल काही नेम नाही. माझ्या जुन्या व्हॅनचा लाइट कंदिलासारखा मिणमिणायचा, म्हणून मी एकाच सीझनमध्ये तीनदा बल्ब बदलले, पैसे गेले, उजेड तेवढाच. शेवटी गावातल्या एका वायरमननं बॉनेट उघडलं अन् म्हणाला, "बल्बले कायले शिव्या देता बाप्पा, तुमची अर्थिंगच सडली." अर्थिंग म्हणजे बल्बमधून करंट गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीत जायची वाट.

म्हणून आधी फक्त पाहा, पाना हातात घेऊ नका. गाडी भिंतीसमोर उभी करून अप्पर-डिपर मारा. एकाच बाजूचा फक्त डिपर बंद असेल तर बहुतेक बल्बच, कारण जुन्या गाड्यांत जो एच-फोर बल्ब असतो त्यात दोन फिलामेंट असतात, अप्परचं 60 वॅटचं अन् डिपरचं 55 वॅटचं, त्यातलं एक तुटतं अन् दुसरं चालू राहतं. दोन्ही बाजू एकदम बंद असतील तर दोन बल्ब एकाच दिवशी उडण्याचा योग कमी, आधी फ्यूज पाहा, मग रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) असेल तर तो, मग स्टेअरिंगजवळचा स्विच. फ्यूज उडालेला दिसला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, तांब्याची तार गुंडाळू नका राजेहो, तेच वायरिंग जळायचं कारण होतं. नवा फ्यूजही लगेच उडला तर कुठंतरी वायर बॉडीला टेकते आहे, अन् गाडी गोठ्याजवळ उभी राहत असेल तर आधी उंदरानं कुरतडलेलं शोधा.

आता मंद लाइटचं, खरी गंमत इथं आहे.

दोनशे-तीनशेचा साधा मल्टिमीटर घ्या, डीसी 20 व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, लाइट चालू, बॅटरीच्या टोकांवर मोजा, साधारण 14 यायला पाहिजे. मग होल्डर बल्बला लावलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूनं, जी लाइन चालू आहे तिची पीन अन् अर्थची पीन यांच्यात मोजा. होल्डर काढून मोजलं तर करंटच वाहत नाही, सगळं चांगलंच दिसतं, इथंच लोक फसतात. बॅटरीवर 14 अन् बल्बवर साडेअकरा आले तर अडीच व्होल्ट रस्त्यात सांडले. तेवढ्यानं काय होतं म्हणाल, तर व्होल्टेज 10 टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड 30 टक्क्यांच्या आसपास पडतो.

कुठं सांडले ते असं शोधा: मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी बल्बच्या अर्थ पिनीला, लाइट चालूच. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग खराब. मीटर नसेल तर एक जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून त्या पिनीला टेकवा, लाइट भपकन वाढला की रोग सापडला. अर्थची वायर लाइटच्या आसपास बॉडीला स्क्रूनं कसलेली असते. आता बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, तो स्क्रू खोला, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, वायरच्या टोकाला नवी थिंबल (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) लावा, घट्ट कसा, वरून थोडं ग्रीस. माझं काम एवढ्यातच झालं.

अर्थिंग चांगली निघाली तर पॉझिटिव्हच्या बाजूला पाहा. होल्डर काळा पडून वितळला असेल तर सिरॅमिकचा टाका. काही जुन्या गाड्यांत लाइटचा सगळा करंट स्विचमधूनच जातो, दोन बल्बचा मिळून 10 अँपिअर होतो, अन् वर कोणी 90-100 वॅटचे बल्ब ठोकले की स्विच भाजतो. त्याला उपाय रिले, अप्परला एक, डिपरला एक. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: 30 नंबरला बॅटरीतून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर, 87 वरून बल्ब, 85 ला अर्थ, 86 ला जुनी लाइटची वायर. हात बसलेला नसेल तर हे वायरमनकडूनच करून घ्या.

बल्ब बदलायचाच असला तर थंड होऊ द्या अन् काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथं काच जास्त तापते अन् बल्ब लवकर जातो. पांढरेफट्ट एलईडी मात्र हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये मला पटत नाहीत, उजेड सगळीकडं फाकतो.

शेवटी सेटिंग. सपाट जागी भिंतीपासून 25 फुटांवर गाडी लावा, डिपरची वरची कड लाइटच्या मधल्या उंचीपेक्षा दोन-तीन इंच खाली पडली पाहिजे, लाइटच्या मागचे स्क्रू फिरवून बसवा. मागं कापसाची गाठोडी भरली की नाक वर होतं अन् लाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो, म्हणून सीझनमध्ये सेटिंग करायचं तर गाडी भरूनच करा.