कॅमेऱ्यांची घड्याळं जुळत नाहीयेत? मार्कर हलवायच्या आधी हे करा

समजा रंगपंचमीला नाशिकच्या शनी चौकातली रहाड (रंगाच्या पाण्याचा जुना हौद, त्यात लोक धपकन उड्या मारतात, तोच धप्पा) शूट केलीय, दोन कॅमेरे, एक ड्रोन, गच्चीवरून कुणाचा तरी मोबाईल, आणि खाली एक जण वहीत टाइम लिहीत उभा, "४:१२ मोठा धप्पा" वगैरे. घरी येऊन एडिटिंगमध्ये त्या टाइमवर मार्कर (खुणा) टाकले की एका कॅमेऱ्यात धप्पा दिसतो, दुसऱ्यात रिकामा रस्ता. अशा वेळी लोक एकेक मार्कर ओढत बसतात, ते अजिबात करू नका, वहीवाल्याचा टाइम मोबाईलवरचा असेल तर तो बरोबरच आहे, हलवायचंय ते फुटेज.

आधी सगळ्या कार्डांची कॉपी काढा, ओरिजिनलला हात नाही. मग सगळ्यात दिसणारा एकच क्षण पकडा, तोच मोठा धप्पा घ्या, आणि प्रत्येक कॅमेऱ्यात तो किती वाजता दिसतो ते लिहा. हिशोब क्लिप सुरू झाल्याच्या वेळेपासून करा, फाइलच्या 'मॉडिफाइड' टाइमवरून नको, कारण तो बहुतेक वेळा रेकॉर्डिंग संपल्याचा असतो आणि वीस मिनिटांच्या क्लिपला वीस मिनिटांचा घोळ होतो.

आता फरक बघा, फरकच सांगतो काय झालंय. धप्पा १६:१२ चा आणि मोबाईलची फाइल १०:४२ म्हणतेय, म्हणजे बरोबर साडेपाच तास, तर घड्याळ ठीकच आहे, फाइलमध्ये यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेला जागतिक प्रमाण) टाइम लिहिलाय एवढंच. बारा तास असेल तर एएम-पीएम चुकलंय. वर्षच भलतं असेल तर बॅटरी बरेच दिवस काढून ठेवल्याने घड्याळ रिसेट झालंय. आणि ७ मिनिटं १० सेकंद असला काहीतरी विचित्र आकडा आला तर कुणीतरी हाताने अंदाजे टाइम लावलाय.

फरक त्या कॅमेऱ्याच्या अख्ख्या कार्डाला एकदाच लावायचा, पुढे असेल तर वजा, मागे असेल तर अधिक. फाइलची तारीख-वेळ एक्झिफटूल नावाच्या सॉफ्टवेअरने एका झटक्यात सरकते. पण टाइमकोड (कॅमेरा प्रत्येक फ्रेमला देतो तो तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा) ही वेगळी भानगड आहे, तो एडिटिंग करता त्या प्रीमियरमध्ये मॉडिफाय टाइमकोड किंवा रिझॉल्व्हमध्ये क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समधून बदलतो. कॅमेऱ्याचं टाइमकोड सेटिंग रेक रनवर असेल तर टाइमकोड फक्त रेकॉर्डिंग चालू असतानाच पुढे सरकतो, त्याचा वाजलेल्या वेळेशी संबंध नाही, त्यामुळे पुढच्या वेळी सगळे कॅमेरे फ्री रनवर (रेकॉर्डिंग बंद असतानाही टाइमकोड चालू राहतो ते सेटिंग) ठेवा आणि सुरुवातीला न् शेवटी प्रत्येकातून मोबाईलचं सेकंदवालं घड्याळ शूट करून ठेवा.

एवढं झालं की संध्याकाळचा शेवटचा धप्पा तपासा. तिथे पण जुळला तर संपलं. फरक वाढत गेलाय? मग फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) बघा, एखादा कॅमेरा एनटीएससी या अमेरिकन व्हिडिओ सेटिंगवर राहून २९.९७ ला शूट करत असेल आणि टाइमकोड नॉन-ड्रॉप (सेकंदाला पूर्ण ३० फ्रेम धरून मोजणारा) असेल तर तासाला ३.६ सेकंद मागे पडतो, तिथे एक फिक्स आकडा वजा करून काही होत नाही.

शेवटचे दोन-चार फ्रेम आवाजावरून जुळवा, पण गच्चीवरच्या कॅमेऱ्याला जपून. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ढोल ३४ मीटर लांब असेल तर थाप पाव नाही पण दशांश सेकंद उशिरा, २५ फ्रेमला अडीच फ्रेम. मग वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) पर्फेक्ट जुळतो आणि ढोलावर टिपरू मात्र आधीच पडलेलं दिसतं. बहुतेक ड्रोनच्या फुटेजला तर आवाजच नसतो, तिथे रहाडीतलं पाणी उडालेली पहिली फ्रेम शोधून डोळ्यानेच जुळवायचं.