व्हेंटिलेटरवरील मुलांची वेदना आणि गुंगी : या चुका टाळा

शस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटरवर असलेले मूल शांत पडले आहे म्हणजे त्याला दुखत नाही, असे गृहीत धरणे ही अतिदक्षता विभागातील सर्वांत महागात पडणारी चूक होय. मिडॅझोलॅमने गुंगी येते, वेदना शमत नाही; म्हणून आधी फेन्टानिल किंवा मॉर्फिन व त्याच्या जोडीला वजनानुसार पॅरासिटामॉल देऊन दुखणे आटोक्यात आणावे आणि त्यानंतरही गरज उरली, तरच गुंगीचे औषध वाढवावे. व्हेक्युरोनियमसारखे स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल, तर मुलाला हात हलवता येत नाही की कपाळाला आठी घालता येत नाही. सक्शन करताना, म्हणजे नळीतला स्राव ओढून काढताना, नाडी व रक्तदाब एकदम चढणे आणि डोळ्यांच्या कडांना पाणी येणे, एवढीच काय ती खूण हाती लागते.

घशात नळी असल्याने रडणे ऐकू येत नाही. त्यासाठी गुंगी व अस्वस्थता गुणांत मोजणारी कम्फर्ट-बी ही मोजपट्टी आहे. तिच्यात ६ ते ३० गुण असतात, १० किंवा त्याहून कमी गुण अतिगुंगी सुचवतात, तर २३ आणि त्यापुढचे गुण अस्वस्थता. मोजणी दर पाळीत ठरल्या वेळी व्हावी, अंदाजपंचे नव्हे.

मूल एकाएकी तळमळू लागले की थेट गुंगीच्या औषधाच्या पंपाकडे हात जातो, तो आवरावा. नळी सरकली आहे का, स्रावाने तुंबली आहे का, छातीत हवा साठली आहे का, हे आधी पाहावे. कधी मांडीखाली दुमडलेली लघवीची नळी सरळ करताच मूल निवते.

मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत पालघर-रायगडहून आलेल्या मुलांच्या माता भेटीची वेळ होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून असतात. “सिस्टर, दुखलं की तो अंगठा मुठीत दाबतो,” ही माहिती कोणत्याही मोजपट्टीत सापडत नाही. त्यांना विचारलेच जात नाही, याचे नवल वाटते.

मुलांना प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाचा ठिबक दीर्घकाळ देणे टाळावे, कारण त्याने रक्तातील आम्ल वाढून हृदय धोक्यात येऊ शकते. मॉर्फिन वा मिडॅझोलॅम सुमारे ५ दिवस किंवा अधिक चालले असेल, तर ते एकदम बंद करू नये. घाम, कंप, जुलाब व चिडचिड ही औषध तुटल्याची लक्षणे असतात आणि ती नव्या संसर्गाची समजून अँटिबायोटिक बदलले जाते. वॉर्डात पाठवताना डोस किती व कोणत्या दिवशी उतरवायचा, ते केसपेपरवर लिहूनच द्यावे.