फायरप्लेसच्या जुन्या धुराड्यातून लाकडी स्टोव्हचा धूर कसा काढावा

नागपुरातल्या सिव्हिल लाइन्सच्या जुन्या बंगल्यात फायरप्लेस असेल, तर तिच्यात उघडी लाकडं जाळण्यापेक्षा तिथे दाराचा लोखंडी स्टोव्ह बसवणं केव्हाही बरं. उघड्या जाळाची बरीचशी ऊब धुराबरोबर वर निघून जाते. नागपूरचा पारा डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री हा फरक चांगलाच जाणवतो. मात्र स्टोव्हचा पाइप धुराड्याच्या तोंडात नुसता खुपसून चालत नाही. तो स्टोव्हपासून छपराच्या वरपर्यंत अखंड न्यावा लागतो.

त्यामागे साधा हिशेब आहे. ६ इंची पाइपचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच, तर ९ बाय १४ इंचांच्या धुराड्याचं १२६, म्हणजे साडेचारपट. एवढ्या पोकळीत धूर पसरतो, थंड होतो आणि ओढ मंदावते. मग विटांवर डांबरासारखी चिकट काजळी साचते आणि कधीतरी तीच पेट घेते. अमेरिकेतल्या एनएफपीए २११ या अग्निसुरक्षा मानकानुसार धुराडं घराच्या आत असेल तर त्याचं क्षेत्रफळ स्टोव्हच्या धूर बाहेर सोडणाऱ्या तोंडाच्या तिपटीहून, आणि त्याच्या भिंती बाहेर उघड्या असतील तर दुपटीहून जास्त नसावं.

पाइप स्टेनलेस स्टीलचाच घ्या. लाकडासाठी ३०४ ग्रेड चालतो, ३१६ जास्त टिकतो. व्यास स्टोव्हच्या तोंडाएवढा ठेवा, त्याहून लहान नकोच. दुकानदार किचन चिमणीचा ॲल्युमिनियमचा लवचीक पाइप पुढे करेल. तो घेऊ नका. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि धुराड्यातली आग १००० अंशांच्या वर जाते. जीआय पाइपवरचं जस्त तर ४२० अंशांच्या आसपासच वितळतं. एसी, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचा, पाइप तापून तडकतो.

आधी धुराडं रिकामं करा. कबुतरांची घरटी, मधमाश्यांची जुनी पोळी, पडलेल्या विटा, सगळं निघालं पाहिजे. छपरावरून ओळंबा सोडला की लांबी कळते आणि वाटेत वळण आहे का तेही कळतं. पाइप त्याहून दीड फूट जास्त घ्या. विटांमधल्या भेगा चुना-वाळूने भरा. सिमेंट जुन्या मऊ विटांपेक्षा कडक असल्याने तिथे सुटून येतं. कवेलूच्या छपराचे लाकडी वासे धुराड्याला टेकलेले असतील, तर मध्ये किमान २ इंच मोकळी जागा करून घ्या. हे काम टाळून पुढे जाऊ नये.

फायरप्लेसची लोखंडी झडप काढून टाका किंवा ग्राइंडरने पाइपपुरती कापा. पाइपवर १ इंच जाडीचं सिरॅमिक वूल (उष्णता अडवणारी लोकर) गुंडाळून वर स्टीलची जाळी बांधा. मग दोरीला बांधून तो छपरावरून हळूहळू खाली सोडा. एकाने वर, एकाने खाली उभं राहायचं. स्टोव्हकडच्या सुट्या पाइपच्या प्रत्येक जोडाला ३ स्क्रू, आणि प्रत्येक तुकड्याचं निमुळतं टोक खाली, स्टोव्हच्या बाजूला. ते उलट बसलं तर काजळीचा रस जोडातून बाहेर गळतो.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग: झडपेच्या जागी २२ गेजचा पत्रा. इतवारीच्या लोहाओळीतून पत्रा आणून फॅब्रिकेटरकडून मापाने कापून घ्या, मधोमध पाइपचं भोक, कडेला १ इंच घडी. घडी विटांना स्क्रूने पक्की करा, फटी उष्णता सोसणाऱ्या सीलंटने बुजवा, वर सिरॅमिक वूल अंथरा. हा पत्रा नसला तर खोलीतली गरम हवा पाइपभोवतीच्या पोकळीतून निघून जाते, स्टोव्ह कितीही पेटवा.

वरचं टोक छपरापासून किमान ३ फूट उंच, आणि १० फुटांच्या परिघात जे काही असेल त्याहून २ फूट उंच ठेवा. वर पावसाची टोपी. पक्ष्यांसाठी जाळी लावाल तर ती १२ मिलिमीटरहून बारीक नको, काजळीने बुजते.

पहिल्या दिवशी लहानच जाळ करा. थंड पाइप धूर खोलीत ढकलतो, म्हणून आधी वर्तमानपत्राचा बोळा जाळून पाइप गरम करा. तरी धूर परत येत असेल तर किचनचा एक्झॉस्ट बंद करून खिडकी किंचित उघडा. बहुतेकदा दोष तिथेच असतो. त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. या वायूला वास नसतो. पडदे आणि लाकडी फर्निचर स्टोव्हपासून ३ फूट दूर ठेवा.

बाभूळ, धावडा काहीही जाळा, पण ओलावा २० टक्क्यांखाली हवा. फोडून रचलेलं सरपण एप्रिल-मेच्या उन्हात छान वाळतं. पावसाळ्यात ते झाकून ठेवा.

नागपुरात स्टोव्ह वर्षातले नऊ-दहा महिने बंदच असतो. काजळीत पावसाची ओल शिरली की आम्ल तयार होतं आणि स्टीललाही छिद्रं पडतात. म्हणून फेब्रुवारी सरला की पाइपच्या व्यासाचा ब्रश वरून खालपर्यंत फिरवा, आणि हंगामात थर ३ मिलिमीटरचा दिसला तर तेव्हाच.