खिचडी, खाडे आणि पाचारण

ऑगस्ट २०१९ मध्ये शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागलं, तेव्हा नगरला आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेनंतर माझा सत्कार झाला. बोलणाऱ्यांनी अमेरिकन मिशनरी सिंथिया फरारबाईंचं नाव काढलंच. १८३९ पासून १८६२ मध्ये मरेपर्यंत बाई नगरात मुलींना शिकवत राहिल्या, सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे धडे घेतले वगैरे. आमच्याकडे कुणी नुसतं डीएड झालं तरी हे भाषण ठरलेलं. एरवी मी हसले असते, पण खांद्यावर शाल होती. 'पाचारण', म्हणजे देवाने एखाद्या कामाला बोलावणं, हा शब्द त्या दिवशी दहादा तरी ऐकला आणि दहाही वेळा पटला.

शाळा मिळाली नगर-बीडच्या हद्दीवर, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवर. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, पट ३४. शिक्षणसेवकाचं मानधन तेव्हा महिना ६,००० रुपये. (२०२३ पासून ते १६,००० झालं. नव्याने लागलेल्यांनी आमच्यासमोर कुरकुर करू नये.) शिकवायला उभी राहिले की ऑनलाइन माहितीसाठी फोन यायचा. मग तांदूळ मोजायचे, माणशी १०० ग्रॅम. मग खिचडी चाखून चव रजिस्टरवर सही करायची. यासाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दिली का, असं रोज वाटायचं.

खरा धक्का दिवाळीनंतर बसला. ३४ पैकी १९ मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला निघाली. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आधीच खाऊन झालेली, त्यामुळे थांबा म्हणण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी ट्रॅक्टर भरत होते. पत्रे, चूल, पीठाचे डबे, एका पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या. पहिलीतला एक मुलगा त्या ढिगावरून उतरून माझ्याकडे पळत आला. वाटलं, पाया पडायला आला. तो म्हणाला, "बाई, माझं नाव नका ना काढू पटावरनं."

त्या रविवारी मी पाळकसाहेबांना सांगितलं की हे माझं पाचारण नाही, माझी चूक झाली. वर्ग निम्मा रिकामा आणि मी खिचडी चाखत बसते. ते उपदेश करतील असं वाटलं होतं. त्यांनी बायबलातलं एवढंच विचारलं, "प्रभू पेत्राला काय म्हणाला? माझी कोकरे चार. शिकव म्हणाला का?" मला आधी रागच आला. शेळ्या राखणाऱ्या पोरांच्या गावात 'चार' म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण सोमवारी भात उपसताना ते शब्द डोक्यातून जाईनात. वस्तीवरच्या कितीतरी पोरांचं ते दिवसातलं पहिलं जेवण होतं. खिचडीत मीठ कमी आहे की नाही, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

यात चमत्कार वगैरे काही नाही. ऑनलाइन माहितीचा मला आजही वैताग येतो. फक्त कुणी बघत नसलेलं काम कुणासाठी करायचं, हा प्रश्न सुटला. तुम्हीही श्रद्धेच्या बळावर या नोकरीत येत असाल, तर मोठं काही जाणवायची वाट पाहू नका. मी पाहिली, त्यात चार महिने गेले.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शाळा सरकारी आहे. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने तिथे धर्मशिक्षण देता येत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. गावात एकाने तोंडावर विचारलं होतं, "बाई, बाटवायला आलात का?" मी म्हटलं, पाढे पाठ करून घ्यायला आले. माझी प्रार्थना जीपमध्ये होते, डोळे उघडे ठेवून, कारण रस्ता तसा आहे. वर्गात मी येशूचं नाव घेतलेलं नाही.

आता कामाचं. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. ते दिवाळीच्या सुट्टीआधीच हातात द्या, नंतर घराला कुलूप असतं. कुठे जाणार हे आईला विचारलं तर "कारखान्यावर" एवढंच कळतं. मुकादमाला गाठा, त्याला गावाचं नाव ठाऊक असतं. आजीपाशी राहायला तयार असलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवा. उशिरा पाठवला तर काय होतं ते मी पहिल्या वर्षी भोगलं आहे. आणि मुलांच्या आयांचे नंबर वहीत लिहून ठेवा. मी रात्री आठनंतर फोन करायची. त्याआधी कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, कुणी सापडत नाही, सगळे वाढं (उसाचे शेंडे) बांधत असतात. मुलाने अर्धं पान वाचून दाखवायचं, बस. मागून भांड्यांचा आवाज आणि कुत्री. कधी कधी आईच म्हणायची, "थांबा मॅडम, ते दिवा घेऊन येतंय."

करोनाने पहिला हंगाम मध्येच तुटला, ते वर्ष सांगण्यासारखं नाही. नंतरच्या एका एप्रिलमध्ये तो मुलगा, आता मोठ्या वर्गातला, टोळीबरोबर परतला. दप्तर न ठेवताच टेबलापाशी आला आणि हजेरी मागितली. नाव होतं. त्यापुढे खाडेच खाडे. तो बोट ठेवून मोजायला लागला, ७० च्या पुढे चुकला, आणि मी काही म्हणायच्या आत पुन्हा एकपासून सुरू झाला.