डिकीची मांडणी: सुरुवात स्टेपनीपासून

गाडीची डिकी नीट लावलेली आहे की नाही, हे ठरवण्याची माझी कसोटी एकच आहे. रात्रीची वेळ आहे, पाऊस पडतो आहे आणि रस्त्याच्या कडेला टायर पंक्चर झाला आहे. अशा वेळी स्टेपनीपर्यंत हात पोहोचायला किती वेळ लागेल? काही वर्षांपूर्वी नेमक्या अशाच रात्री मला डिकीतले सामान एकेक करून ओल्या डांबरावर काढून ठेवावे लागले होते. त्यात जुन्या वह्यांचा गठ्ठा होता, दुरुस्तीला द्यायचा म्हणून दोन महिने पडून राहिलेला मिक्सर होता, एक बुटांचा जोड होता आणि तळाशी शाम्पू सांडून चिकट झालेला गालिचा होता. छत्र्याही तीन निघाल्या, पण त्या सर्वांत शेवटी सापडल्यामुळे तोवर मी पुरता भिजलो होतो. स्टेपनी बाहेर आल्यावर कळले की तिच्यात हवाच नाही. त्या रात्रीपासून मी डिकीची मांडणी वरून खाली न करता खालून वर करू लागलो, आणि पुढे दिलेली पद्धत त्याच क्रमाने जाते.

पहिल्यांदा डिकी पूर्ण रिकामी करावी, आणि ‘पूर्ण’ या शब्दाशी तडजोड करू नये. कोरड्या दिवशी, उजेडात, सगळे सामान बाहेर काढून चटई आणि तिच्याखालची फळीही उचलावी, म्हणजे स्टेपनीचा खोलगट खड्डा उघडा पडतो. त्यातील माती आणि वाळू व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी आणि मग खड्ड्याच्या तळाशी बोट फिरवून पाहावे. बोटाला ओल लागली, तर मांडणीचा विचार बाजूला ठेवून आधी पाणी कुठून येते ते शोधावे, कारण साचलेल्या पाण्याने पत्रा गंजतो आणि डिकीला येणारा कुबट वास कितीही सुगंधी द्रव्ये ठेवली तरी जात नाही. पाणी शिरण्याच्या नेहमीच्या जागा दोन: डिकीच्या तोंडाभोवतीचा रबर, जो कालांतराने कडक होतो किंवा एखाद्या ठिकाणी दबतो, आणि मागच्या दिव्यांमागील गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी मऊ पट्टी. डिकीच्या आतल्या कडांना कोरडे टिश्यू पेपर चिकटवून झाकण बंद करावे आणि बाहेरून दहा मिनिटे पाणी सोडावे. उघडल्यावर जो कागद भिजलेला दिसेल, त्याच्या वरच्या बाजूला गळती असते. कित्येक गाड्यांच्या खड्ड्याच्या तळाशी रबरी बूच असते. ते काढून साचलेले पाणी सोडून देता येते, मात्र खड्डा सुकल्यावर ते घट्ट परत बसवावे. गालिच्याला वास लागलाच असेल, तर त्यावर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी व्हॅक्यूमने काढावा.

खड्डा उघडा आहे तोवरच स्टेपनीची तपासणी उरकावी. ती पूर्ण आकाराची असेल, तर गाडीच्या माहितीपुस्तकात चाकांसाठी दिलेल्या आकड्यांपैकी सर्वांत मोठ्या आकड्याइतकी हवा तिच्यात भरून ठेवावी, कारण हवा काढणे रस्त्यातही सोपे असते, भरणे नसते. बारीक, तात्पुरत्या स्टेपनीचे गणित वेगळे आहे; तिच्यात साधारणपणे ६० पीएसआय, म्हणजे नेहमीच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट हवा लागते आणि ती लावून बहुधा ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जायचे नसते. हे आकडे टायरच्या बाजूवर छापलेले असतात, तेच प्रमाण मानावेत. काही नव्या गाड्यांमध्ये स्टेपनीऐवजी पंक्चर बुजवणारे द्रावण आणि हवेचा छोटा पंप असतो. त्या द्रावणाच्या बाटलीवर वापराची अंतिम तारीख असते, आणि ती उलटून गेल्याचे बहुतेकांना रस्त्याच्या कडेलाच समजते.

जॅक, त्याचा दांडा, चाकाचा पाना आणि गाडी ओढण्याचा हुक एकत्र आहेत ना, ते याच वेळी पाहावे. चाकांना चोरीपासून संरक्षण म्हणून कुलपी नट बसवले असतील, तर त्यांची सुपारीएवढी चावी कुठे आहे याची खात्री करून घ्यावी. ती नसेल तर जॅक आणि पाना असूनही चाक निघत नाही. मी ती पान्याला जाड रबरबँडने बांधून ठेवतो. गाडी खड्ड्यातून जाताना मागून खडखड येत असेल, तर बहुधा जॅक त्याच्या खोबणीत सैल झालेला असतो. त्याचा स्क्रू हाताने थोडा उलगडला की तो खोबणीत घट्ट बसतो आणि आवाज थांबतो.

आता बाहेर काढलेल्या सामानाकडे वळावे. त्याचे दोनच ढीग करावेत: मुक्कामी आणि वाटसरू. गाडीबरोबर कायम राहायला हवे ते मुक्कामी, आणि कुठून तरी कुठे तरी जायला निघालेले पण वाटेत डिकीतच अडकलेले ते वाटसरू. माझा अनुभव असा की दुसरा ढीग नेहमीच मोठा निघतो. परत द्यायची पुस्तके, बदलून आणायचे कपडे, रद्दी, रिकाम्या पिशव्या यांना डिकीत जागा करून द्यायची नसते. त्यांना त्याच दिवशी त्यांच्या मुक्कामाला पोहोचवायचे असते. मुक्कामी सामान त्यामानाने थोडे असते: परावर्तक त्रिकोण, बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जंपर केबल, टायरमधील हवा मोजण्याचा गेज, जाड हातमोजे, दोन सुती फडकी, रेनकोट, गुडघे टेकायला एखादे जुने पोते आणि प्रथमोपचाराची पेटी. विजेरी आणि अग्निशामक मात्र मी डिकीत ठेवत नाही. आग लागली किंवा मागून धडक बसून डिकीचे झाकण अडकले, तर तिथे ठेवलेली वस्तू असून नसल्यासारखी होते, म्हणून या दोन गोष्टी बसल्या जागेवरून हाताला येतील अशाच असाव्यात.

काही वस्तू डिकीत अजिबात नकोत, आणि त्याचे मुख्य कारण उष्णता आहे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तापमान सहज ५० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, आणि दाबाखाली भरलेल्या स्प्रेच्या डब्यांवर नेमका हाच आकडा धोक्याची सूचना म्हणून छापलेला असतो. पॉवर बँक आणि औषधे यांनाही हाच नियम लावावा. औषधे फेकून द्यावी लागतील इतकी बिघडली तरी दिसायला तशीच राहतात. सुट्या डब्यातले पेट्रोल डिकीत बाळगणे तर सरळसरळ धोक्याचे आहे, कारण त्याची वाफ बंद जागेत साठते आणि हॅचबॅकमध्ये, म्हणजे मागच्या काचेसकट झाकण उघडणाऱ्या गाडीत, डिकी आणि बसण्याची जागा यांच्यात भिंतच नसते. डिकीत सीएनजीची टाकी असेल, तर तिच्या व्हॉल्व्हवर किंवा नळ्यांवर काहीही टेकवू नये आणि टाकीचा उपयोग सामान बांधण्याचा खांब म्हणून करू नये.

यानंतरच खोके किंवा कप्प्यांच्या पिशव्या आणायला निघावे. बहुतेक लोक आधी खोके आणतात आणि मग त्यात सामान कोंबतात, त्यामुळे पसारा तेवढाच राहतो, फक्त चौकोनी होतो. मोजमाप घेताना डिकीच्या तळाइतकेच तिच्या तोंडाचेही घ्यावे. सेदानच्या, म्हणजे वेगळी डिकी असलेल्या गाडीच्या, डिकीचे तोंड आतल्या जागेपेक्षा अरुंद असते, त्यामुळे आत मावणारा खोका आत जातोच असे नाही. हॅचबॅकमध्ये मागची काच उतरती असल्यामुळे तळाशी बसणारा उंच खोका झाकण बंद करताना काचेला लागतो. दोन्ही प्रकारांत चाकांवरचे उंचवटे दोन्ही बाजूंनी आत आलेले असतात. खरी रुंदी त्या दोन उंचवट्यांमधील धरावी. एक मोठा खोका घेण्यापेक्षा, भरल्यावरही एका हाताने उचलता येतील असे दोन लहान खोके घ्यावेत, म्हणजे फळी उचलायची वेळ आली की ते दोन हालचालींत बाहेर निघतात. घडी होणाऱ्या कापडी पेट्या मला प्लास्टिकच्या क्रेटपेक्षा बऱ्या वाटतात, कारण रिकाम्या असताना त्या जागा अडवत नाहीत आणि वळणावर खडखडतही नाहीत.

पेटी जागेवरून सरकू नये यासाठी एक साधी युक्ती आहे. वेल्क्रोच्या दोन पट्ट्यांपैकी खरखरीत, बारीक आकड्यांची पट्टी डिकीच्या गालिच्याला थेट धरते. दुसऱ्या मऊ पट्टीची गरजच पडत नाही. खरखरीत पट्टी पेटीच्या तळाला शिवावी. चिकटवली तर उन्हाळ्यात डिंक मऊ होऊन ती सुटते. ही युक्ती रबरी चटईवर मात्र चालत नाही. चटई ठेवायचीच असेल, आणि ओल्या सामानासाठी ती ठेवावीच, तर निम्म्या भागावर चटई आणि निम्म्या भागावर उघडा गालिचा अशी विभागणी करावी. डिकीच्या कोपऱ्यांत, कधी कधी गालिच्याच्या चिरेमागे लपलेल्या, लोखंडी कड्या असतात. त्या शोधून त्यांना जाळी किंवा पट्टा अडकवावा.

जड सामान नेहमी तळाशी आणि मागच्या आसनाच्या पाठीला टेकून ठेवावे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी थांबली, तर सुटे सामान त्याच वेगाने पुढे जाते, आणि तो वेग सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो. पाठीला आधीच टेकलेल्या पेटीला वेग घेऊन आदळायला मधे जागाच उरत नाही. म्हणूनच हॅचबॅकमध्ये आसनाच्या पाठीपेक्षा उंच सामान रचू नये आणि काचेखालच्या आडव्या झाकणीवर छत्री किंवा पुस्तकसुद्धा ठेवू नये. ती झाकणी सामान दृष्टिआड करण्यासाठी असते, फळी म्हणून वापरण्यासाठी नसते. मागचे आसन लांब सामानासाठी दुमडले असेल, तर उभे केल्यावर खटका बसल्याचा आवाज आला का, ते पाठ ओढून पाहावे. वजनाचा भुर्दंड इंधनातही पडतो: साधारण ४५ किलो जादा वजनामागे इंधनाची कार्यक्षमता सुमारे १ टक्क्याने घटते, आणि गाडी जितकी लहान तितका हा परिणाम अधिक जाणवतो.

इतके केल्यावर डिकी सुंदर दिसते, आणि साधारण दहा दिवसांनी वाटसरू परत यायला लागतात. त्यांच्यासाठी मी एक उघडी, रिकामी टोपली डिकीच्या तोंडाशी ठेवली आहे. घरात जायची जी वस्तू असेल ती त्याच टोपलीत टाकायची आणि गाडी लावल्यावर टोपलीच उचलून घरात न्यायची, असा घरातल्या सर्वांसाठी नियम आहे. टोपली मुद्दाम लहान निवडली आहे. मोठी असती तर ती आठवडाभर भरत राहिली असती.

लांबच्या प्रवासात मात्र स्टेपनीवर सामान येणारच, तेव्हा निघण्यापूर्वी, डिकी भरण्याच्या आधी, तिची हवा पुन्हा मोजावी. सामान अनेक लहान पिशव्यांत न भरता मोजक्या मोठ्या बॅगांत भरावे, म्हणजे वेळ आल्यास चार बॅगा उतरवल्या की फळी मोकळी होते. रात्रीच्या मुक्कामाला लागणारी बॅग सर्वांत शेवटी आत जावी. त्या प्रवासापुरते जॅक, पाना आणि कुलपी नटाची चावी फळीखालून काढून एका जाड कापडी पिशवीत घालावीत आणि ती पिशवी तोंडाजवळच्या कडीला पट्ट्याने बांधून ठेवावी. परत आल्यावर बॅगा उतरल्या की पहिल्यांदा ही पिशवी रिकामी करून जॅक त्याच्या खोबणीत घट्ट बसवावा, आणि मग फळी व चटई पूर्ववत घालावी.