उरल्यासुरल्या लोकरीची पट्ट्यापट्ट्यांची टोपी

रंग जुळवण्याआधी जाडी जुळवा. मोजपट्टीवर लोकर शेजारीशेजारी, न ताणता गुंडाळा आणि अडीच सेंटिमीटरात किती वेढे बसतात ते मोजा. नेहमीच्या मध्यम जाडीच्या लोकरीचे साधारण ९-१० वेढे बसतात. एखादी बारीक निघाली तर तिचे दोन धागे एकत्र घेऊन पुन्हा मोजा. अस्सल लोकर आणि अ‍ॅक्रिलिक शक्यतो एकाच टोपीत घालू नका. गरम पाण्यात एखादी धुलाई झाली की लोकर आटते, अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं, आणि पट्ट्यांना चुण्या पडतात. गडद लाल, निळा वापरणार असाल तर ओला धागा पांढऱ्या कापडावर दाबून रंग सुटतो का ते बघा.

मोठ्यांच्या ५४ ते ५६ सेंटिमीटर डोक्यासाठी टोपीचा घेर ४८ सेंटिमीटर पुरतो, कारण वीण ताणली जाते. साडेचार मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरात २० टाके बसत असतील तर ९६ टाके घाला. नमुना विणून मोजाच. १० सेंटिमीटरात २२ टाके आले, तर त्याच ९६ टाक्यांची टोपी जेमतेम ४४ सेंटिमीटर होते.

आता वजनकाटा घ्या. ९६ टाक्यांच्या एका फेरीला साधारण दीड ते पावणेदोन मीटर, म्हणजे पाऊण-एक ग्रॅम लोकर लागते. पाच ग्रॅमच्या गुंड्यात पाच-सहा फेऱ्या होतात, त्याहून जास्तीची आशा नको. सगळ्यात मोठा गुंडा काठाला, आणि अगदी चिमूटभर उरलेले तुकडे माथ्यासाठी राखून ठेवा, कारण तिथे फेरी लहान होत जाते. रंग फारच भांडत असतील तर प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये राखाडी किंवा मोतिया रंगाच्या दोन फेऱ्या टाका.

काठ चार मिलिमीटरच्या ४० सेंटिमीटर गोल सुईवर, २ सुलट २ उलट, पाच सेंटिमीटर विणा. फेरी जोडताना टाक्यांना पीळ पडलेला नाही ना, हे नीट बघा. पडला तर उसवण्याशिवाय इलाज नाही. काठात रंग बदलायचा झाला तर नव्या रंगाची पहिली फेरी सगळी सुलट विणा, नाहीतर उलट टाक्यांवर जुन्या रंगाचे ठिपके दिसतात.

मग मोठी सुई घेऊन सगळं सुलट. गोल विणताना पट्टीच्या सुरुवातीला पायरी पडते. ती लपवायला नव्या रंगाची एक फेरी पूर्ण करा, आणि दुसऱ्या फेरीच्या पहिल्या टाक्याखालचा जुन्या रंगाचा टाका डाव्या सुईवर उचलून दोन्ही एकत्र विणा. गाठ मारू नका, ती कपाळाला टोचते. १५ सेंटिमीटर टोक सोडा आणि ते त्याच रंगाच्या पट्टीत ओवा. टोकं रोजच्या रोज ओवलेली बरी. शेवटी वीस-पंचवीस लोंबायला लागली की टोपी कपाटातच राहते.

काठ धरून एकूण १६ सेंटिमीटर झाले की माथा: १० सुलट, २ एकत्र, असं आठ वेळा (८८ टाके). एक फेरी साधी. मग ९ सुलट, २ एकत्र. असंच एकाआड एक फेरीत कमी करत ४८ वर या, पुढे प्रत्येक फेरीत कमी करा. टाके गोल सुईवर ताणायला लागले की दोन्ही बाजूंना टोकं असलेल्या सुयांवर घ्या. आठ उरले की धागा त्यांतून ओवून घट्ट ओढा.

आपोआप पट्टे पडणारी लोकर वापरली तर रंग जोडायची कटकट नाही, पण मोज्यांच्या लोकरीचे पट्टे साठ-पासष्ट टाक्यांचा हिशेब धरून रंगवलेले असतात. टोपीच्या मोठ्या घेरात ते बारीक होतात आणि माथ्यावर पुन्हा रुंदावतात. गुंड्यात मध्येच गाठ आली तर रंगांचा क्रम तुटलाय का ते बघा, आणि तुटला असेल तर तोच रंग येईपर्यंत लोकर उलगडून तिथून जोडा.